निरोप पोचत नाही तेव्हा: ‘वेंट द डे वेल?’ची पटकथा उलगडून

प्रश्न थोडक्यात असा: १९४२ सालच्या ‘वेंट द डे वेल?’ या ब्रिटिश चित्रपटात पहिल्याच दोन मिनिटांत एक म्हातारा सांगून टाकतो की जर्मन आले होते, मेले आणि इथेच पुरले गेले. मग पुढचा दीड तास जीव टांगणीला का लागतो? आणि पटकथा लिहिणाऱ्याने त्यातून नेमके काय उचलावे?

चित्रपटात ‘कोण जिंकणार’ हा प्रश्नच ठेवलेला नाही. त्याच्या जागी ‘बातमी गावाबाहेर कधी आणि कशी पोचणार’ हा प्रश्न आहे, आणि तो पाच-सहा वेळा वेगवेगळ्या वाटेने विचारला आहे. बहुतेक वाटा बंद होतात त्या माणसांच्याच एखाद्या सवयीमुळे. तीच सवय पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत आपल्याला गोड वाटलेली असते. बाकी सगळे, म्हणजे कुऱ्हाड, हातबाँब, बंदुका, या सांगाड्यावर चढवलेले मांस आहे.

आधी तपशील, कारण त्यांच्याशिवाय यंत्र कळणार नाही. ईलिंग स्टुडिओचा हा चित्रपट, निर्माता मायकेल बाल्कन, दिग्दर्शक अल्बर्टो काव्हालकांती, लांबी ९२ मिनिटे, प्रदर्शन डिसेंबर १९४२. बीज ग्रॅहम ग्रीनच्या १९४० मधल्या एका कथेचे, पण कथेतला एकटा लढणारा चोरटा शिकारी सोडला तर त्यातले फार काही उरलेले नाही. पटकथेवर जॉन डायटन, डायना मॉर्गन आणि अँगस मॅकफेल अशी तीन नावे आहेत. संगीत विल्यम वॉल्टनचे. काव्हालकांती मूळचा ब्राझीलचा. पॅरिसमध्ये प्रयोगशील मूकपट करून तो लंडनला आला आणि ब्रिटिश टपाल खात्याच्या माहितीपट विभागात त्याने काही वर्षे काढली. चित्रपटाच्या गाभ्याशी पोस्ट आणि टेलिफोन बसले आहेत, हा निव्वळ योगायोग नसावा असे मला वाटते.

कथा ब्रॅम्ली एंड या काल्पनिक खेड्यात घडते. व्हिटसन या ख्रिस्ती सणाच्या सुटीचा शनिवार ते सोमवार, साल १९४२. रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश लष्करी दलाचा गणवेश घातलेले सुमारे साठ सैनिक लॉऱ्यांतून येतात आणि घरोघरी मुक्काम टाकतात. खरे तर ते जर्मन छत्रीधारी सैनिक आहेत. मोठे आक्रमण सुरू होण्याआधी ब्रिटनच्या रडार यंत्रणेत बिघाड करणे हे त्यांचे काम, आणि त्यासाठी ४८ तास गावाने गप्प राहायला हवे. गावातला प्रतिष्ठित गृहस्थ ऑलिव्हर विल्सफर्ड त्यांना आतून सामील आहे.

आता चौकट. सुरुवातीला कॅमेरा रस्त्याने गावात शिरतो, चर्चच्या आवारात चार्ली सिम्स नावाचा देखभाल करणारा इसम (मर्व्हिन जॉन्स) थेट आपल्याशी बोलू लागतो. तो बोलतो ते युद्ध संपल्यानंतरच्या काळातून. लक्षात घ्या, प्रेक्षक बसला आहे १९४२ मध्ये, आणि पडद्यावरचा माणूस त्याला सहज सांगतो आहे की आपण जिंकलो, ती गोष्ट जुनी झाली. युद्धकाळातल्या प्रेक्षकाला याहून मोठा दिलासा कुठला? हा दिलासा लेखकांनी आगाऊ देऊन टाकला, आणि त्याच्या बदल्यात पुढे हवे तितके क्रूर व्हायची मोकळीक मिळवली.

चौकटीत एक गोष्ट मात्र मुद्दाम लपवली आहे. थडग्यावर जर्मन नावे आहेत एवढे कळते, गावातले कोण मेले ते कळत नाही. शेवट सांगितला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अर्धाच सांगितला आहे. पुढे जो जो माणूस आवडू लागतो त्याच्याबद्दल धाकधूक सुरू होते. शेवट आधी सांगणाऱ्या पटकथा बहुतेक वेळा इथेच फसतात. त्या सगळे सांगतात किंवा काहीच सांगत नाहीत. काय सांगायचे आणि काय मुठीत ठेवायचे याची वाटणी कागदावर दोन रकाने आखून करावी लागते.

शिवाय सैनिक जर्मन आहेत हे आपल्याला आधीपासून माहीत असल्यामुळे, गावकरी त्यांना चहा पाजतात, खोल्या झाडून देतात, ते प्रत्येक दृश्य आपोआप दुहेरी होते. वरवर पाहुणचार, आत काळजाचा ठोका. लेखकाला संवादात एक शब्दही वाढवावा लागत नाही.

संशयाची सुरुवात दोन बारीक वस्तूंनी होते. पत्ते खेळताना सैनिकांनी एका तारेच्या कागदामागे गुण मांडलेले असतात, आणि त्यातल्या इंग्रजी सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ असते. युरोप खंडात एकच्या आकड्याला वरून लांब तिरपी शेपटी काढायची पद्धत आहे. त्याची सातशी गल्लत होऊ नये म्हणून साताला रेघ मारतात. इंग्लंडात तेव्हा तसे कुणी लिहीत नसे. दुसरी वस्तू चॉकलेट. या सैनिकांच्या प्रमुखाच्या, म्हणजे मेजरच्या, सामानात जॉर्ज नावाच्या पोराला ते सापडते आणि वेष्टनावर व्हिएन्नाचे नाव जर्मन स्पेलिंगने छापलेले असते.

या दोन्ही खुणा इतक्या चांगल्या का? कारण त्या शत्रूच्या मूर्खपणातून आलेल्या नाहीत. गणवेश, कागदपत्रे, भाषा, सगळे घोटून घेतलेला माणूसही हाताचे वळण विसरत नाही. खाण्याची आवड तर गाठोड्यात लपवून सोबत येतेच. खलनायकाची चूक लिहायची तर ती त्याच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीतून काढा. खिशातून नकाशा पडला, झोपेत जर्मन बोलला, असल्या चुका फुकटच्या असतात आणि प्रेक्षकाला ते लगेच कळते.

रेघ ओळखते ती नोरा, पाद्र्याची मुलगी (व्हॅलेरी टेलर). तिचे मन विल्सफर्डमध्ये गुंतलेले, म्हणून ती आपला संशय सगळ्यात आधी त्यालाच सांगते. शहाण्या माणसाने चुकीच्या कानात बातमी घालायची असेल तर त्याला इतके मानवी कारण हवे. पुढच्या सगळ्या अपयशांचा नमुना इथे तयार होतो: माहिती बरोबर, माणूस प्रामाणिक, वाट चुकलेली.

वाटा एकेक करून पाहू.

पहिली चर्चची घंटा. ब्रिटनमध्ये जून १९४० पासून चर्चच्या घंटा बंद होत्या. त्या वाजल्या तर अर्थ एकच, शत्रू उतरला. १९४२ च्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. आजच्या प्रेक्षकाला हे माहीत नसते, आणि मग गावकऱ्यांसह चर्चमध्ये कोंडलेला पाद्री जीव धोक्यात घालून दोरीकडे का धावतो ते नीट पोचत नाही. तो घंटा वाजवतो आणि तिथेच गोळी खातो. गावाबाहेर सायकलींवर असलेल्या होमगार्डच्या, म्हणजे गावच्या स्वयंसेवक रक्षकदलाच्या, माणसांना टोल ऐकू येतो, पण ते मनावर घेत नाहीत. परत येताना रस्त्यावर टपून बसलेले जर्मन त्यांना टिपतात.

होमगार्डनी दुर्लक्ष केले हे ओढूनताणून आणलेले नाही. ७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ‘क्रॉमवेल’ हा सावधगिरीचा सांकेतिक शब्द सुटला तेव्हा काही ठिकाणी लोकांनी आक्रमण झालेच असे समजून खरोखर घंटा वाजवल्या होत्या, आणि शत्रू आलाच नव्हता. दोन वर्षे वाट पाहून थकलेल्या माणसाला धोक्याची घंटाही कुणाची तरी चूक वाटू शकते.

दुसरी वाट अंड्याची. गावाने बाहेरच्या जगाला शंका येणार नाही असे वागत राहावे, ही जर्मनांची अट. म्हणून पेपर टाकणारा मुलगा नेहमीसारखा येतो आणि जातो. त्याच्याबरोबर अंडी दिली जातात आणि एका अंड्यावर निरोप लिहिलेला असतो. अंडेच का? शिधापत्रिकेच्या त्या दिवसांत शहरी माणसाला आठवड्याला एखादे ताजे अंडे मिळायचे. खेड्यातून कुणी पोराच्या हाती चार अंडी दिली तर त्यात संशयास्पद काही नव्हते, उलट तो मुलगा ती जपून नेणार याची खात्री होती. निरोपाचे वाहन म्हणून वस्तू निवडताना ती त्या काळात नैसर्गिक असावी, मौल्यवान असावी आणि सहज मोडणारी असावी. अंड्यात तिन्ही गुण आहेत. मॉड नावाची पाहुणी मोटार घेऊन गावाकडे येते, मुलाच्या सायकलला धडक बसते आणि अंडी फुटतात.

तिसरी वाट त्याच मोटारीची. मॉड ही मॅनरच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या वाड्याच्या, मालकीणबाई मिसेस फ्रेझर यांची नात्यातली. पहाऱ्याखाली पाहुणचार करताना बाई तिच्या खिशात चिठ्ठी सरकवतात. परत जाताना मोटारीची खिडकी खडखडते, मॉड खिशात हाताला लागलेला कागद न वाचताच दुमडून खिडकीत पाचर म्हणून ठोकते, आणि तो कागद वाया जातो.

इथे मला एक मत मांडायचे आहे. अंडी फुटणे हा अपघात आहे, म्हणजे पटकथेच्या भाषेत सगळ्यात स्वस्त माल. तो खपतो याची कारणे दोन. अपघात नायकाच्या विरुद्ध जातो. बाजूने गेला असता तर प्रेक्षकाने माफ केले नसते. आणि ज्या मोटारीने निरोप चिरडला तीच लगेच पुढच्या निरोपाची आशा होते, त्यामुळे लक्ष अपघाताकडून नव्या शक्यतेकडे वळते. पाचरेचा प्रसंग मात्र अव्वल. तिथे अपघात नाही, स्वभाव आहे. हातात आलेल्या कागदाचा पहिला उपयोग काय करावा हे माणसाचा स्वभाव ठरवतो.

चौथी वाट टेलिफोनची, आणि चित्रपटाचे शिखर तिथे आहे. शेवटच्या लढाईपेक्षा हे दृश्य मोठे आहे. पोस्ट सांभाळणाऱ्या मिसेस कॉलिन्स (म्युरिएल जॉर्ज) गोलमटोल, बोलघेवड्या, अघळपघळ. त्यांच्या घरात मुक्कामाला असलेल्या जर्मनाला त्या जेवण वाढतात, गप्पा मारतात, बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत मिरपूड फेकतात आणि लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीने घाव घालतात. जखम दिसत नाही. दिसते ती बाई, आणि आपण काय केले हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येते ते. या दृश्यात एकही खास शस्त्र नाही हे ध्यानात घ्या. मिरपूड टेबलावरची, कुऱ्हाड चुलीजवळची. हिंसा इतकी अंगावर येते ती याच कारणाने: स्वयंपाकघरातली भांडीकुंडी जागच्या जागी असतात, फक्त त्यांचे काम बदलते.

मग त्या फोनकडे धावतात. तेव्हाच्या हातचालित एक्स्चेंजचे काम असे चाले: तुम्ही बोलावणे केले की ऑपरेटरच्या फलकावर तुमच्या लाइनची खूण होते, तिने तुमच्या छिद्रात प्लग घालून विचारल्याशिवाय पुढे काहीही होत नाही. खेड्यातून बाहेर जायचे तर शेजारच्या मोठ्या गावच्या मुलीने उचलायला हवे. ती मुलगी मैत्रिणीशी गप्पांत रंगली आहे. खूण तिला दिसते. थांबू दे, असे म्हणून ती गप्पा चालू ठेवते. इकडे दुसरा सैनिक आत येतो आणि संगीन चालवतो. तिकडे मुलीचे बोलून होते, ती प्लग घालते, विचारते. उत्तर नाही.

संकलनाच्या दृष्टीने हा प्रसंग दोन जागांचा आहे, पण काळ एकच. सामान्य संकलक अशा वेळी दोन्हीकडची गती वाढवत नेतो. इथे एक्स्चेंजमधल्या शॉटची चाल शेवटपर्यंत संथच आहे. घाई फक्त पोस्टात आहे. दोन्ही बाजू धावल्या असत्या तर ती नेहमीची शर्यत झाली असती. एक बाजू निवांत राहिली म्हणून पोटात गोळा येतो. प्रयोग करून पाहायचा असेल तर हे दृश्य आवाज बंद करून पाहा आणि मग चित्र न पाहता नुसता आवाज ऐका. गप्पांचा सूर कुठेही चढत नाही हे दुसऱ्या वेळी स्पष्ट कळेल.

शेवटची वाट पायांची. जॉर्ज रात्री निसटतो, चोरटी शिकार करणारा म्हातारा पर्व्हिस (एडवर्ड रिग्बी) त्याच्यासाठी जीव देतो, आणि पायात गोळी लागलेला पोरगा शेजारच्या गावी पोचतो. घंटा, अंडे, चिठ्ठी, टेलिफोन ही सगळी साधने हरली आणि रांगत-खुरडत गेलेले शरीर पोचले, हा क्रम उलटा लावून पाहा, म्हणजे मुलगा आधी आणि फोन शेवटी. चित्रपट कोसळेल. साधने सोपीकडून अवघडकडे जायला हवीत आणि प्रत्येक प्रयत्नाची किंमत आधीच्यापेक्षा जास्त हवी.

कुणाच्या हातून काय घडते याकडेही पाहावे. गावचा प्रतिष्ठित माणूस फितूर. निरोप नेणारे पोर आणि कायदा मोडणारा शिकारी. मारणाऱ्या आणि मरणाऱ्या बायका. मिसेस फ्रेझर (मारी लोर) पहिल्या अर्ध्यात थोड्या भाबड्या, विनोदी वाटतात. शेवटच्या चकमकीत मुलांच्या खोलीत हातबाँब येऊन पडतो तेव्हा त्या तो उचलून दाराबाहेर जातात. भाषण नाही, निरोप नाही, काही सेकंदांत खेळ आटोपतो. शेतावर काम करायला आलेल्या दोन मुली खिडकीतून नेम धरून सैनिक मोजत बसतात, आणि ते पाहताना हसावे की दचकावे कळत नाही. नोरा पिस्तूल घेऊन विल्सफर्डसमोर उभी राहते तेव्हा तो आतून खिडकीचा आडोसा काढायला निघालेला असतो. ती एकदा गोळी झाडून थांबत नाही. प्रेमभंगाचा एकही संवाद लिहिलेला नाही, आणि तो लिहिला नाही हेच बरे.

दोषही आहेत. साठच्या साठ जर्मन इंग्रजी इतके अस्खलित बोलतात की पहिल्या दिवशी कुणाला उच्चार खटकत नाही, हे पचायला जड जाते. शेवटच्या चकमकीत घराच्या कुठल्या बाजूला कोण आहे याचा मेळ लागत नाही. आणि सगळे जुळून येईपर्यंत मधली दहाएक मिनिटे, विशेषतः दिवाणखान्यातली, रेंगाळतात. पण त्या रेंगाळण्यातच सवयींची पेरणी आहे, त्यामुळे कात्री लावायला जागा सापडत नाही.

स्वतःच्या पटकथेसाठी रीत सांगायची तर, आधी तुमच्या जागेतून बातमी बाहेर जायच्या सगळ्या वाटा मोजा. वाडा असो, आगगाडीचा डबा असो, चार-सहा वाटा निघतातच. प्रत्येक वाटेवर कोण बसले आहे ते लिहा आणि त्या माणसाची एक निरुपद्रवी सवय ठरवा. ती सवय संकट येण्याआधी निदान एकदा, शक्यतो हसत-खेळत, दाखवा. मग संकटात तीच आड आणा. सवय दाखवल्यावर लगेच वापरली तर प्रेक्षकाला दोरा दिसतो. फार उशिरा वापरली तर तो ती विसरलेला असतो. या चित्रपटात मधले अंतर साधारण अर्धा तास ते पाऊण तास आहे. आजच्या कथेत मोबाइल आला की लेखक सरळ ‘रेंज नाही’ म्हणून मोकळे होतात. टेलिफोनचा प्रसंग पाहिल्यावर लक्षात येईल की रेंज असूनही पलीकडच्याने न उचलणे हे किती जास्त भयंकर आहे.

नावाबद्दलही विचारले जाते. ते पहिल्या महायुद्धातल्या एका चार ओळींच्या मृत्युलेखातून घेतले आहे, रचना जॉन मॅक्सवेल एडमंड्सची समजली जाते. दिवस आपला झाला की नाही, आम्ही मेलो आणि आम्हाला कधी कळलेच नाही, असा त्याचा आशय. मेलेल्यांपर्यंतही निकालाची बातमी पोचलेली नाही. शीर्षकातले प्रश्नचिन्ह म्हणून गाळू नये. पुष्कळ ठिकाणी ते गाळलेले असते.

पाहायला शोधताना एक काळजी घ्या. अमेरिकेत हा ‘फॉर्टी-एट अवर्स’ या नावाने लागला होता, आणि त्याच नावाने शोधलेत तर १९८२ सालचा वेगळाच पोलिसपट हाती लागेल. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जपणूक करून २०१० मध्ये पुन्हा आणलेली प्रत मिळाली तर तीच पाहा. लांबी ९२ मिनिटांच्या आसपास आहे ना ते तपासा. चित्र जवळजवळ चौकोनी, १.३७ ला १ या प्रमाणात आहे. टीव्हीने ते आडवे ताणले असेल तर सेटिंग बदलून घ्या, नाहीतर गर्दीच्या चौकटीत कडेला उभी माणसे फुगलेली दिसतात. इंग्रजी सबटायटल्स लावावीत. गावठी आणि लंडनी उच्चार पहिल्या वीस मिनिटांत कानांवरून निसटतात, आणि पेरणी नेमकी तिथेच आहे.

चित्रीकरण बकिंगहॅमशरमधल्या टर्व्हिल या खेड्यात झाले. चर्च, घरे, त्यांमधून जाणारा रस्ता आजही बराचसा तसाच ओळखू येतो. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा वही घेऊन बसा आणि रणगाडे-बंदुकांऐवजी फक्त कागदांचा माग काढा: तार, पत्त्यांचे गुण, वेष्टन, अंडे, चिठ्ठी. कोणता कागद कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला आणि कुठे अडला ते लिहीत गेलात, की तिघा लेखकांनी टेबलावर काय आखले असेल त्याचा जवळजवळ पूर्ण नकाशा तुमच्या वहीत उतरलेला असेल.